दारातला चौपदरी रस्ता

११ फेब्रुवारी

आज रस्ते खात्याची माणसं आली आणि दुकानाच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारून गेली. मी विचारलं, ही कशाची? त्यातला एक म्हणाला, "काका, इथपर्यंत चौपदरी येणार." मग तो मागे गेला आणि तशीच एक फुली स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर मारून आला. म्हणजे घर अख्खंच जाणार. पुढे चष्म्याचं दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढंच तर आहे.

समोरच्या बेकरीच्या वहिनी लगेच रस्ता ओलांडून आल्या. हाताला पीठ तसंच. "भाऊजी, अजिबात घाबरू नका. आपण भांडू," म्हणाल्या. मी मान हलवली.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो. पूर्वी दिवसाचं जे काही असेल ते बायको विचारायची आणि मी हो-नाही करायचो, तेवढ्यावरून तिला सगळं कळायचं. आता विचारणारं कोणी नाही, त्यामुळे जे काही आहे ते साचून राहतं.

माझ्या कामाच्या टेबलाशेजारची खिडकी वळणाकडे आहे. काच घासताना मान वर केली की ते टेकाड आणि त्याला वळसा घालून येणारा रस्ता दिसतो. गेल्या ऑक्टोबरात ती शाळेची व्हॅन घेऊन मुलांना आणायला निघाली. व्हॅन रिकामी होती, तेवढं नशीब, असं सगळे म्हणतात. पलीकडून एक मोटार ट्रॅक्टरला मागे टाकून पुढे आली. टेकाडामुळे हिला ती दिसली नाही आणि त्या माणसाला ही दिसली नाही. आवाज मी इथेच बसून ऐकला. तो माणूस वाचला, ही गेली.

घर पाडलं की खिडकीही जाईल.

१७ फेब्रुवारी

इंजिनियर बाई दुकानात आल्या. वय आमच्या मुलीएवढं असेल. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडलेला आणि त्या जागी टाचणी वाकवून घातलेली. "काका, याचं काही होईल का? परवा मीटिंगमध्ये दांडी हातात आली." मी नवा स्क्रू बसवला, नाकपट्ट्या बदलल्या, दांड्या गरम करून कानाला नीट वळवल्या. त्यांनी डोकं हलवून पाहिलं. "कमाल आहे. आधी खाली वाकलं की पडायचा. मला वाटायचं माझं नाकच वाकडं आहे."

मग त्यांनी विचारलं, तुमच्या पाटीच्या खांबाला आमची एक पेटी साखळीने बांधली तर चालेल का? रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकतात. गाडी तिच्यावरून गेली की किती गाड्या गेल्या, किती वेगाने गेल्या, ते पेटीत नोंदलं जातं. मागच्या ठिकाणी पेटीच चोरीला गेली म्हणाल्या. कोणीतरी तिच्यात कोंबड्यांचं खाद्य ठेवत होतं. मी म्हटलं, बांधा.

जाताना त्या दारात थांबल्या. "इथे गाड्या नेहमी इतक्या हळू चालतात का हो?"

"हो. या चार-पाच महिन्यांत फारच झालंय. आधी असं नव्हतं."

"म्हणजे वाहतूक वाढली."

"वाढली असेल."

त्यांनी ते लिहून घेतलं.

खरोखरच फार झालं आहे. वळणावरून गाडी आली की दुकानापुढे येईपर्यंत अगदी मुंगीच्या पावलांनी चालते. आतले लोक माझ्या दाराकडे बघतात. माणसाची बायको गेली की तो कसा दिसतो, ते त्यांना बघायचं असावं. म्हणून मी हल्ली खिडकीला आणि दाराच्या काचेला अर्धा पडदा लावला आहे. डुलक्या तेवढा बघत नाही. डुलक्या म्हणजे ट्रॅक्टरवाला, बसल्या जागी झोप लागते म्हणून हे नाव. त्या दिवशीचा ट्रॅक्टर त्याचाच. त्याची चूक काहीच नव्हती, तो आपल्या बाजूने चालला होता. पूर्वी रोज हाक मारून जायचा. आता दारापुढे आला की टोपी काढतो, डोकं खाजवतो आणि सरळ समोर बघत निघून जातो. डोक्यात काहीतरी झालं असावं. औषध लावायला कोणीतरी सांगायला हवं.

२ मार्च

मुलगी येऊन गेली. ती शहरातून रेल्वेने येते आणि स्टेशनपासून शेतातल्या पायवाटेने मागच्या दाराला येते. ऑक्टोबरपासून या रस्त्यावर तिने पाय ठेवलेला नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

शहरातल्या काही लोकांनी रस्ता लवकर व्हावा म्हणून कमिटी केली आहे. मुलगीही तिच्यात आहे. कामावरून सुटली की लोकांना फोन करत बसते म्हणाली. तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. चार पदर, मध्ये झुडपं, दोन्ही बाजूंना कुंपण. चित्रात बेकरी नव्हती. शाळा होती, पण रस्त्याच्या पार पलीकडे.

"बाबा, आईचं नाव द्यायचं ठरलंय. कमिटीने मान्य केलं."

"रस्त्याला?"

"या टप्प्याला. मोठा बोर्ड लागेल."

"बरं."

"बरं काय, बाबा? तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

वाटतं, म्हटलं. पण काय, ते सांगता आलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, इकडची मुलं शाळेत कशी जाणार? "पूल असणार आहे वरून." मी म्हटलं, चढायचं कसं? ती हसली. "पुलाला जिना असतो, बाबा." तेवढ्यापुरती ती अगदी आईसारखी दिसली.

घर गेल्यावर मी तिच्याकडे राहायला जायचं. इस्त्रीचं टेबल ठेवतात ती खोली मला देणार आहे. मी हो म्हटलं. महिनाअखेरीला शाळेच्या हॉलमध्ये रस्त्याची सुनावणी आहे. ती तिथे बोलणार आहे आणि मी तिच्याशेजारी बसायचं आहे.

"तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. नुसतं बसा."

"ते मला जमतं," मी म्हटलं.

९ मार्च

वहिनी सह्यांचे कागद घेऊन आल्या. डोळे तपासायचे आहेत असं सांगून आल्या, पण कागद काखेत होतेच. मी त्यांना खुर्चीत बसवलं, तपासायची फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच घालत गेलो.

"आता हातातल्या कार्डावरची खालची ओळ वाचा."

"खालची ओळ राहू दे. भाऊजी, तुम्ही सही का करत नाही ते सांगा. तुमचंच घर जातंय."

"ही काच बरी की ही?"

"दोन्ही सारख्याच. दार करकरतं म्हणून कोणी घर पाडून नवं बांधतं का? बिजागरीत तेल सोडतो आपण. एवढा पैसा ओतायचा, निम्मं गाव रस्त्याखाली घालायचं, आणि कशासाठी? एका टेकाडासाठी."

मी म्हटलं, मुलीची फार इच्छा आहे. तिला वाटतं, रस्ता मोठा असता तर आई वाचली असती.

वहिनींनी नाकावरची फ्रेम सावरली. मग म्हणाल्या, "आम्ही दोघी गेलो होतो की रस्त्याच्या ऑफिसात. तिची आई आणि मी. तिची व्हॅन रोज तिथून जायची, तिला भीती वाटायची मुलांची. म्हटलं, चौपदरी नको काही, ते टेकाड तेवढं कापा. दोनदा गेलो. तिथला साहेब म्हणाला, चौपदरी होणारच आहे, तेव्हा टेकाड आपोआप जाईल. मोठं काम ठरलेलं असलं की तोवर बारकं काम हाती घेता येत नाही म्हणे. तिने विचारलं, मग मोठं कधी होणार? तर तो हसला."

मी हातातली काच पुसत राहिलो. मला हे माहीत नव्हतं. तिने सांगितलंही असेल. ती खूप काही सांगायची.

वहिनींनी मग न सांगता खालची ओळ घडाघडा वाचून टाकली. एकही अक्षर बरोबर नव्हतं. त्यांना जवळचा नंबर लागला आहे.

सही केली नाही. कागद ठेवून गेल्या.

१० मार्च

एकच काच दोनदा घासली, दोन्हीदा चुकली. दुकान लवकर बंद केलं.

१२ मार्च

दुपारी रस्ता रिकामा होता. एकच मोटार आली. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, तरी दारापुढे येऊन अगदी हळू झाली आणि बेकरी ओलांडल्यावर नीट चालायला लागली. चालवणारा नवशिका असेल.

१४ मार्च

इंजिनियर बाई पेटीतली नोंद घ्यायला आल्या. मी धीर करून विचारलं, नुसतं टेकाड कापता येतं का?

त्या स्टुलावर बसल्या. "येतं की. टेकाड कापायचं, वळणाला पक्की कडेपट्टी द्यायची, ट्रॅक्टरना बाजूला उभं राहायला दोन-तीन ठिकाणी जागा काढायची, शाळेपुढे रस्ता थोडा उंच करायचा म्हणजे गाड्या आपोआप दबकतात. चौपदरीच्या खर्चात अशी किती गावं होतील. आणि पावसाळ्याआधी सुरू करता येईल."

"मग?"

"मग हे आकडे, काका. तुमच्या दारात गाड्या साध्या सायकलच्या वेगाने चालल्यात. वेग इतका पडतो याचा अर्थ रस्ता तुडुंब भरलाय. भरलेल्या रस्त्याला टेकाड कापून काय होणार, असं वरचे विचारतात. तुम्हीही तेच सांगितलं होतंत, मी अहवालात लिहिलंय."

"मी सांगितलं खरं."

"मलाही बारकं काम आवडलं असतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. चष्मा आता चांगला बसतो आहे.

नंतर मी खिडकीत उभा राहिलो. पडदा बाजूला करून टेकाडाकडे नीट पाहिलं. एवढे दिवस तिकडे तोंड असून मी पाहत नव्हतो. रस्ता चौपट रुंद केला तरी ते टेकाड मध्ये असेपर्यंत पलीकडचं दिसणार नाही. आणि टेकाड काढलं तर आहे त्या रस्त्यावरही दिसेल. हे कळायला मला इतके दिवस लागावेत याचं आश्चर्य वाटतं, कारण माझा धंदाच लोकांना दिसतं की नाही हे बघायचा आहे.

वहिनींच्या कागदावर सही केली आणि रस्ता ओलांडून देऊन आलो. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि एक गरम पाव हातात दिला.

२० मार्च

सही केल्याचं मुलीला फोनवर सांगितलं. आधी ती ऐकत होती, मग तिचा आवाज चढला.

"म्हणजे आई गेली ती तशीच गेली. काही बदलायला नको. तुम्हाला तुमची खिडकी आणि टेबल सोडायचं नाही, एवढंच आहे ते."

"तसं नाही."

"मग कसं आहे? सांगा ना. कधीतरी एक वाक्य पूर्ण सांगा, बाबा."

खिडकी सोडायला मी तयार होतो, किंबहुना त्यासाठीच हो म्हटलं होतं, हे सांगायला हवं होतं. आईच्या आणि वहिनींच्या त्या फेऱ्यांबद्दलही. फोनवर ते कसं सांगायचं ते सुचलं नाही. तिने फोन ठेवला.

मला एकच मुलगी आहे. रस्ता कसाही होवो, हिने बोलणं सोडलं तर मी काय करणार, हे मला माहीत नाही.

२८ मार्च

आज सुनावणी झाली.

हॉल भरला होता. मुलगी पहिल्या रांगेत, आणि शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स. मी मागेच उभा राहणार होतो. पण पर्स दिसली, म्हणून पुढे गेलो. तिने माझ्याकडे न बघता पर्स उचलली. मी बसलो.

टेबलामागे खात्याचे वरचे साहेब अध्यक्ष म्हणून बसले होते. आधी इंजिनियर बाईंनी पडद्यावर आकडे दाखवले. वळणापाशी वेगाची रेघ एकदम खाली पडलेली. त्या म्हणाल्या, रस्ता या ठिकाणी गुदमरतो आहे, स्थानिक चष्मेवाल्या दुकानदारांनीही ही गोष्ट सांगितली आहे. सगळ्या हॉलने माझ्याकडे पाहिलं. मग मुलगी बोलली. चांगलं बोलली, कागद न बघता. आईबद्दलही बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, खाली बघत होते.

अध्यक्ष म्हणाले, कोणाची हरकत?

वहिनी उभ्या राहिल्या. नवा चष्मा लावला होता. "साहेब, त्या रेघेचं सांगते. ती गर्दी नाही हो."

"मग काय आहे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि खाली बसल्या. वाक्य अर्धं सोडून बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आता संपलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आम्ही हळू घेतो तिथं."

डुलक्या होता. भिंतीला टेकून उभा, टोपी हातात.

अध्यक्ष म्हणाले, "हळू घेता म्हणजे? का?"

"व्हॅनवाल्या ताई गेल्या ना तिथं. माझ्या पुढ्यात गेल्या." तो टोपी फिरवत होता. "दुसऱ्या दिवसापासून मला तिथून नेहमीसारखं जाववेना. मी हळू घेतलं. मागचा होता त्यानेही घेतलं, हॉर्न नाही वाजवला. मग सगळेच घ्यायला लागले. ठरवलं नाही कोणी."

"मी गाणं बंद करतो," कोणीतरी म्हणालं. एक बाई म्हणाल्या, "माझी पोरं गाडीत मागून सांगतात, आई, हळू. त्यांच्या काकू होत्या त्या."

अध्यक्षांनी इंजिनियर बाईंकडे पाहिलं. "म्हणजे या गाड्या मुद्दाम हळू चालल्यात?"

"उभं नाही राहत साहेब," डुलक्या म्हणाला, "जरासं आपलं." मागे कोणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले, डोळे पुसत.

इंजिनियर बाईंनी चष्मा काढला आणि पदर नव्हता म्हणून कागदाने पुसायला लागल्या. कागदाने पुसू नये, चरे पडतात.

मी उभा राहिलो. का राहिलो ते माहीत नाही. म्हटलं, "मी या बाईंना चुकीचं सांगितलं. मला वाटलं गर्दी आहे." एवढं बोलून बसणार होतो, पण मुलगी वर बघत होती. पूर्ण वाक्य हवं होतं तिला. म्हणून बोललो. "माझी बायको रस्ता अरुंद होता म्हणून गेली नाही. समोरचं दिसलं नाही म्हणून गेली. टेकाड कापा म्हणून ती स्वतः तुमच्या ऑफिसात येऊन गेली होती. मोठा रस्ता होणार आहे म्हणून ते तसंच राहिलं. आताही तो व्हायला काही वर्षं जातील, आणि तोवर टेकाड तिथेच. तेवढं आधी काढा. रोज मुलं जातात तिथून."

मुलगी वहिनींकडे वळली. "आई गेली होती?" वहिनींनी मान हलवली.

अध्यक्ष काही वेळ इंजिनियर बाईंशी हळू आवाजात बोलत होते. मग म्हणाले, मोजणी चुकीच्या जागी झालेली दिसते, पुन्हा घेऊ, निर्णय त्यानंतर.

बाहेर आल्यावर वहिनींना मी विचारलं, मला कोणी का नाही सांगितलं?

"कसं सांगायचं, भाऊजी? तुम्ही पडदा लावलात. आम्हाला वाटलं, गाड्यांचा तुम्हाला त्रास होतोय. म्हणून सगळ्यांना सांगितलं, आणखी हळू जा, आवाज करू नका."

मुलगी माझ्याबरोबर रस्त्याने घरी आली. स्टेशनकडून नाही, पायवाटेने नाही. बेकरीपुढे आम्ही दोघं उभे राहिलो. एक टेम्पो वळणावरून आला, हळू झाला, आमच्यापुढून गेला. मग एक मोटार. मग डुलक्याचा ट्रॅक्टर, टोपीसकट. ती आधी रस्त्याकडे पाठ करून उभी होती. मग वळली आणि बघत राहिली.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आपण दोघं अगदी सारखे आहोत, बाबा. अवघड आहे."

आज ती इथेच राहिली आहे. आतल्या खोलीत झोपली आहे.

२९ मार्च

पडदा काढला. धुवायला टाकला.

६ एप्रिल

पेटी आता पुढे, वळणापलीकडची पिठाची गिरणी ओलांडून सरळ पट्ट्यावर बांधली आहे. बाई म्हणाल्या, या वेळी आजूबाजूला कोणाच्या घरात काय झालंय ते आधी विचारून घेतलं.

डुलक्या दुकानात आला. दाराशी घुटमळत होता. मी म्हटलं, बस, डोळे बघू. लांबचा नंबर निघाला, बऱ्यापैकी. तो घाबरून म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मला दिसलं नाही, असं आहे का, मालक?"

मी त्याला तपासणीचे आकडे समजावून सांगितले. एवढ्या नंबराने दूरची पाटी पुसट दिसते, मोटार दिसते. आणि ती मोटार त्याच्या मागून आली होती. त्याने ते तीनदा ऐकून घेतलं. मग खुर्चीतच त्याला झोप लागली. मी उठवलं नाही.

१९ मे

निर्णय आला. इंजिनियर बाई स्वतः सांगायला आल्या, आधी बेकरीत आणि मग वहिनींना घेऊन माझ्याकडे. सरळ पट्ट्यावर रस्ता अर्धा रिकामा निघाला. चौपदरीचा प्रस्ताव बाजूला ठेवला आहे. टेकाड, कडेपट्टी, ट्रॅक्टरच्या जागा आणि शाळेपुढचा उंचवटा, एवढं मंजूर. मोठं काम रद्द झाल्यामुळे बारकं अडवायला आता काही नाही.

वहिनी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला रडू येतंय की भूक लागलीय तेच कळत नाही." बाईंनी चहा घेतला. मी भिंतीवरची लाल फुली घासून पाहिली, निघत नाही. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. चष्म्याचं दुकान विचारलं की सांगायला बरं, फुलीवालं."

इतकं हलकं वाटलं की दुपारी जेवायचंच राहिलं. त्याबरोबर आणखी एक गोष्टही लिहून ठेवतो. इस्त्रीच्या टेबलाच्या खोलीत जायचं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं. तिथे कोणी काही विचारलं असतं. इथे मलाच बोलावं लागणार आहे.

मुलीला फोन केला. ती आधीच ऐकून होती, कमिटीतल्या लोकांनी कळवलं. काहीजण तिच्यावर चिडले आहेत.

"आणि बोर्ड?" मी विचारलं.

"कशाला लावणार? काढून टाकलेल्या टेकाडाला नाव देता येत नाही, बाबा." ती हसली. मग म्हणाली, "आईला आवडलं असतं हे. बोर्डापेक्षा."

मी म्हटलं, "ती म्हणाली असती, एवढा वेळ काय करत होतात?"

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही विनोद केलात."

१४ जून

यंत्र आलं. सकाळपासून टेकाड कापतात. धूळ इतकी की काचा दिवसभर झाकून ठेवाव्या लागतात. गिऱ्हाईक नाही. वहिनींचे पावही आत ठेवावे लागतात, त्या कामगारांना ओरडतात आणि मग त्यांनाच चहा नेऊन देतात.

मला वाटलं होतं, बघवणार नाही. दिवसभर बघत होतो.

२ जुलै

पाऊस असल्यामुळे काम थांबलं. टेकाड गेलं आहे, कडेपट्टी राहिली.

९ ऑगस्ट

काम संपलं. उंचवट्याला पांढरे पट्टे मारले, बाईंनी शेवटची पाहणी केली आणि बदली झाली म्हणून निरोप घ्यायला आल्या. मी त्यांना चष्मा पुसायचं मऊ कापड दिलं आणि कागदाने पुसू नका म्हणून सांगितलं.

त्या गेल्यावर दुकान उघडंच ठेवून मी वळणापर्यंत चालत गेलो. ऑक्टोबरपासून गेलो नव्हतो. जिथे ते झालं, त्या जागेवर आता नवी खडी आहे, गवत उगवायला लागलं आहे. उभा राहिलो. दोन्हीकडचं लांबवर दिसत होतं. एका बाजूला शाळेचं छप्पर, दुसऱ्या बाजूला गिरणी, आणि त्यापुढे शहराकडे जाणारा सरळ रस्ता. येणारी प्रत्येक गाडी आधीच दिसत होती, आणि तिच्यातल्या माणसाला मी दिसत होतो. दोघांनी हात केला.

तिथूनच मुलीला फोन लावला.

"कसं दिसतंय?" तिने विचारलं.

"मोकळं. इथून आपलं दुकान दिसतं. आणि दुकानातून आता पार गिरणीपर्यंतचं दिसतं."

"म्हणजे मी येताना दिसेन तुम्हाला?"

"हो. बऱ्याच आधी."

ती म्हणाली, मैत्रिणीची मोटार मागितली आहे, रविवारी स्वतः चालवत रस्त्याने येते. मी म्हटलं, ये, जेवायलाच ये. बरंच बोललो. वहिनींचा गुडघा, डुलक्याचा नवा चष्मा, दुकानाला रंग कोणता लावायचा.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिला 'जपून ये' म्हणायचं राहून गेलं. पुन्हा लावला नाही.